शितोळेकाकांचे स्पॅनिश खण

आमच्या विश्रांतवाडीच्या बिल्डिंगमधले शितोळेकाका पाहुण्याला पाणी विचारत नाहीत. आधी विचारतात, "चावी कुठली?" पाहुणा खिसा चाचपतो. काकांना शब्दाचं गाव हवं असतं. "पोर्तुगीजांची! ती 'शावी' आणि स्पॅनिश 'यावे' सख्ख्या चुलत बहिणी. आजी एकच, लॅटिन 'क्लाविस'!" पाणी काकू आणतात.

काका पोस्टात सॉर्टर होते, पत्रं गावागावांच्या खणांत टाकायचे. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात. सुताराकडून पोस्टातल्यासारखे खण करून घेतले आणि त्यात स्पॅनिश शब्द टाकू लागले. एक शब्द, एक कार्ड. साखरेचं 'असूकार' संस्कृत शर्करेपासून निघून फारसी, अरबी करत स्पेनला पोचलं, तर कार्डावर प्रत्येक मुक्कामाचा शिक्का. कुत्र्याच्या 'पेर्रो'चं मूळ मात्र कोणालाच सापडलेलं नाही. ते 'पत्ता अपुरा' या खणात पडून आहे.

मी एकदा म्हटलं, "काका, एखादं स्पॅनिश वाक्य बोला की."

"वाक्यं आमच्याकडे मिळत नाहीत."

स्पॅनिशच का, हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं. मुलीनं, वृषालीनं, स्पेनमधल्या मुलाशी लग्न केल्यापासून काकांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं. रविवारी संध्याकाळी काकू तिला व्हिडिओ कॉल लावत आणि काका आतल्या खोलीत कार्डं लावत बसत. दार मात्र उघडं ठेवून.

गेल्या रविवारी मी तिथंच होतो. काकूंनी आत येऊन, काही न विचारता, फोन काकांच्या हातात दिला. पडद्यावर सात वर्षांची नात.

काकांनी घाईघाईनं एक कार्ड उचललं. "न्येता," ते म्हणाले. म्हणजे नात. मग घसा खाकरून तिला लॅटिन 'नेप्तिस' आणि संस्कृत 'नप्त्री'ही सांगितली. पोरगी नुसती बघत राहिली.

काकांनी कार्ड खाली ठेवलं. "अहो, इतकी वर्षं शब्दांचे आजे-पणजे शोधले," ते माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि हिला जेवलीस का, एवढंसुद्धा विचारता येत नाही मला."

"जेवले," फोनमधून आवाज आला. "वरणभात."

मागून वृषाली म्हणाली, "बाबा, तिला मराठी येतं. तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

मला त्या माणसाची फार दया आली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"तूप घातलं होतं का गं आईनं?"

"हो," नात म्हणाली. "आजोबा, आई रडतेय."