क्रमांक बासष्टचं गाठोडं

एका जंगलात, बाळांनो, राज्य वाघाचं होतं आणि कारभार दप्तराचा होता. वाघ दिसायचा वर्षातून दोनदा. दप्तर रोज दिसायचं.

त्या दप्तरात दाजीपंत नावाचे एक मुंगूस दप्तरदार होते. कोणी किती शिकार केली, कोण कोणाला न विचारता पाणी प्यायलं, हे सगळं लिहून लाल फडक्यात बांधायचं, फडक्यावर आकडा टाकायचा आणि फळीवर ठेवायचं, हे त्यांचं काम. चाळीस वर्षं त्यांनी ते केलं. बांधलेलं पुन्हा कधी कोणी सोडलं नाही, म्हणून काम चोख आहे असं सर्वांचं मत होतं.

मग दाजीपंत निवृत्त झाले. सरकारी बीळ सोडावं लागलं. ओढ्याच्या वरच्या अंगाला, करंजाखाली त्यांनी स्वतःचं बीळ केलं होतं. ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागे एक दार. छान होतं.

या बिळाचा आनंद त्यांच्या बायकोला, सगुणाबाईंना, जास्त झाला. त्याचं कारण सांगतो. चाळीस वर्षांत दाजीपंतांच्या सात बदल्या झाल्या होत्या. सात बिळं, सातही सरकारी. लग्नात सगुणाबाईंच्या आईने एक पितळी पातेलं दिलं होतं आणि सांगितलं होतं, “पोरी, स्वतःचं घर होईल तेव्हा यात दूध उतू घाल. तोवर बांधून ठेव.” ते पातेलं सात बिळं फिरलं आणि एकदाही चुलीवर चढलं नाही. आता चढणार होतं. हरिणीला सांगून सगुणाबाईंनी दुधाचा रतीबसुद्धा लावला होता.

सामान बांधायला दाजीपंत स्वतः बसले. इथेच घोळ झाला.

त्यांनी घरातलं एकूण एक सामान एकाच मापाच्या लाल फडक्यांत बांधलं. एकसष्ट गाठोडी झाली. सगळी सारखी, सगळ्यांना सारखी गाठ, गाठीवर लाखेचा ठिपका आणि वर फक्त आकडा. आत काय आहे ते बाहेर लिहिलं नव्हतं. ते यादीत लिहिलं होतं.

नव्या बिळात गाठोडी येऊन पडली. सगुणाबाईंनी पदर खोचला.

“अहो, माझ्या आईचं पातेलं कोणत्या गाठोड्यात आहे?”

“यादीत बघून सांगतो,” दाजीपंत म्हणाले.

“यादी कुठाय?”

“यादी अत्यंत महत्त्वाची. ती बाहेर कशी ठेवीन? ती व्यवस्थित बांधली आहे.”

“कोणत्या गाठोड्यात?”

दाजीपंतांनी मिशांवरून पंजा फिरवला. “ते यादीतच लिहिलेलं असणार,” ते म्हणाले.

हसू नका. तुमच्या घरीही असं कोणीतरी आहे.

“बरं,” सगुणाबाई म्हणाल्या. “मी एकेक सोडते. दुपारपर्यंत सापडेल.”

दाजीपंतांचे केस ताठ झाले. “यादीवाचून गाठोडं सोडायचं? मग नोंद कशात करायची? आज तू सातवं सोडशील, उद्या तिसरं. चाळीस वर्षं मी हाच गोंधळ होऊ दिला नाही.” एवढं बोलून ते गाठोड्यांच्या ढिगावर चढून बसले. निवृत्त मुंगूस, बाळांनो. त्यांना दुसरीकडे कुठे जायचंच नव्हतं.

सगुणाबाई शहाण्या होत्या. सात बदल्यांनी होतंच माणूस शहाणं. निघताना त्यांनी कमरेला एक छोटी पोटली बांधून आणली होती. तिच्यात देव, दिवा, चिमूटभर मीठ आणि मुंगूसवेलीची मुळी होती. मुळी का, तर मुंगसाला साप चावला की तीच लागते, आणि नव्या बिळासमोर दहा पावलांवर एक वारूळ होतं. वारुळात नाग होता. तो पहिल्याच दिवशी डोकं वर काढून यांचं सामान मोजून गेला होता.

सगुणाबाईंनी कोनाड्यात देव मांडायला पोटली सोडायला घेतली, तेवढ्यात दाजीपंतांची नजर पडली.

“हे काय? याला आकडा कुठाय?”

“हाताशी लागणारं आहे. त्याला कशाला आकडा?”

“विनाक्रमांक वस्तू नियमात बसत नाही.” त्यांनी पोटली घेतली, लाल फडक्यात बांधली, लाख लावली, बासष्ट आकडा घातला आणि ढिगाच्या अगदी वर ठेवली. मग कपाळावर आठ्या आल्या. “पण यादी एकसष्टाचीच आहे. बासष्टाची नोंदच नाही. म्हणजे हे तर यादी सापडल्यावरसुद्धा सोडता येणार नाही.”

“अहो, त्यात मुळी आहे. समोर वारूळ आहे.”

“म्हणूनच म्हणतो, सुरक्षित राहू दे.”

सगुणाबाई चुलीकडे वळल्या. दगडावर डोकं आपटल्याने दगडाला काही होत नाही, हे त्यांना लग्नानंतर तिसऱ्या वर्षी कळलं होतं.

शेजारी साळूवहिनी राहायच्या. साळिंदर होत्या, पण मनाने मऊ. त्यांनी तवा दिला, दोन ताटल्या दिल्या, एक पातेलंही दिलं. “यातच दूध उतू घाला की हो,” त्या म्हणाल्या.

“उसन्या पातेल्यात नाही घालत, वहिनी,” सगुणाबाई म्हणाल्या. “चहा करते हवा तर.”

चहा रोज झाला, आणि भरपूर झाला. कारण दाजीपंतांनी समिती नेमली. यादी-शोध समिती. अध्यक्ष कोल्हा, कारण तो प्रत्येक समितीचा अध्यक्ष असे. चिटणीस टिटवी, कारण तिचा आवाज लांबवर जाई. सदस्य घोरपड, कारण ती एकदा बसली की उठत नसे आणि त्यामुळे गणसंख्या भरलेली राही.

समिती रोज सकाळी यायची आणि गाठोड्यांवर बसायची. यादी कोणत्या गाठोड्यात असावी यावर चर्चा व्हायची. पहिल्यात असावी, असं टिटवीचं मत. शेवटच्यात असावी, असं दाजीपंतांचं. दोन्ही मतांत तथ्य आहे, असं अध्यक्षांचं. घोरपड पेंगायची. गाठोडं एकही सुटायचं नाही. मग अध्यक्ष म्हणायचे, “वहिनी, चहा फार फक्कड होतो हो तुमचा.”

सगुणाबाई मात्र सुकत चालल्या. स्वतःच्या घरात त्या आडव्या व्हायच्या ते गाठोडी बाजूला सारून. हरिणीचं दूध रोज यायचं, रोज चहात जायचं. घर झालं होतं, पण लागलं नव्हतं. सातही सरकारी बिळांत त्यांना इतकं परकं वाटलं नव्हतं.

आठव्या दिवशी दुपारी नाग आला.

त्याने आठ दिवस पाहिलं होतं. शेजारी मुंगूस आलंय खरं, पण त्याची मुळी लाखबंद आहे, एवढं त्याच्या लक्षात आलं होतं. तो सरळ ओटीवर आला आणि त्याने फणा काढला.

टिटवी उडाली. अध्यक्षांना एकदम दुसऱ्या समितीची आठवण झाली. घोरपड झोपली होती, ती झोपूनच राहिली. दाजीपंत ढिगावरून खाली उतरले. चाळीस वर्षांत त्यांनी नाग फक्त कागदावर पाहिला होता.

“आपलं काय काम?” त्यांनी विचारलं. “अर्ज आणलाय का?”

नागाने त्यांच्या पुढच्या पायाला कडकडून डंख मारला.

दाजीपंत कोलमडले. सगुणाबाई स्वयंपाकघरातून धावल्या आणि एका उडीत ढिगावर चढल्या.

“अगं, यादी…” दाजीपंत खालून म्हणाले. त्यांच्या तोंडाला फेस यायला लागला होता. “बासष्टाची नोंद नाही…”

“मेल्यावर करा नोंद,” सगुणाबाई म्हणाल्या आणि त्यांनी दातांनी गाठ फाडली. अर्धी मुळी नवऱ्याच्या तोंडात कोंबली. अर्धी स्वतः चावली. मग त्या नागाकडे वळल्या.

पुढचं मी फार सांगत नाही, तुम्ही लहान आहात. चाळीस वर्षं दप्तरातल्यांना करून घातलेला चहा त्यांच्या अंगात होता. नाग पळाला तो वारुळातही शिरला नाही, थेट ओढ्यापलीकडे गेला. त्याचंही घर बदललं, पण त्याला एकसुद्धा गाठोडं बांधावं लागलं नाही.

संध्याकाळपर्यंत दाजीपंत उठून बसले. दुसऱ्या सकाळी समिती हजर. झाल्या प्रकाराची चौकशी झाली. अध्यक्ष गंभीरपणे म्हणाले, “वहिनींनी परवानगीवाचून लाख फोडली, ही गोष्ट खेदाची आहे. पण मुळी सापडली कशी? बासष्ट क्रमांकाच्या गाठोड्यात. दाजीपंतांनी पोटलीला क्रमांक दिला नसता, तर ती या पसाऱ्यात कुठे शोधली असती? जीव वाचला तो पद्धतीमुळे.”

“कमरेला होती ती माझ्या,” सगुणाबाई म्हणाल्या.

“चहात आज आलं घातलंय वाटतं,” अध्यक्ष म्हणाले.

दाजीपंतांचे डोळे भरून आले होते. चाळीस वर्षांत आपल्या पद्धतीबद्दल इतकं चांगलं कोणी बोललं नव्हतं.

सगुणाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. ढिगाकडे पाहिलं. आणि बाळांनो, त्या क्षणी त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

“खरंय तुमचं,” त्या कोल्ह्याला म्हणाल्या. “मला बापडीला काय कळतंय? पण मी म्हणते, एवढी मोठी पद्धत, तिचा जाहीर सत्कार नको का व्हायला? वडाखाली मंडप घालून? तुम्ही अध्यक्ष.”

कोल्ह्याला असं काही दोनदा सांगावं लागत नाही.

तिसऱ्या दिवशी सत्कार ठरला. दाजीपंत पगडी घालून निघाले. नव्या बिळात आल्यापासून ते प्रथमच उंबऱ्याबाहेर पडत होते. “तू येतेस ना?” त्यांनी विचारलं.

“गाठोड्यांपाशी कोणीतरी नको का?” सगुणाबाई म्हणाल्या. हे दाजीपंतांना इतकं पटलं की ते मागे वळूनसुद्धा न पाहता गेले. घोरपडीला टिटवीने ओढत नेलं.

सगुणाबाईंनी साळूवहिनींना हाक मारली. वहिनींनी पाठीचा एक काटा लाखेखाली घालायचा की गाठ मोकळी. एक, दोन, तीन. आधी नुसते कागद निघाले, मग तवा निघाला, पोळपाट निघाला, अंथरुणं निघाली. जे निघेल ते जागच्या जागी जात होतं. चाळीस वर्षं डोक्यात मांडून ठेवलेलं घर होतं ते, हातांना शोधावं लागलंच नाही.

सदतिसावं गाठोडं सुटलं. आत आईचं पितळी पातेलं होतं, आणि पातेल्यात गुंडाळी करून ठेवलेली यादी होती.

सगुणाबाईंनी यादी उलगडली. अक्षर सुरेख होतं. क्रमांक एक, जुने कामकाजाचे कागद, महत्त्वाचे. क्रमांक दोन, त्यांच्या प्रती, महत्त्वाच्या. असं करत करत बोट सदतिसाव्या ओळीवर आलं. तिथे लिहिलं होतं, ‘सौ.च्या माहेरचे. किरकोळ. कधीही उघडण्याची आवश्यकता नाही. सबब यादी यातच सुरक्षित.’

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. रडू आलं नाही. राग आला, आणि तो चाळीस वर्षं उशिरा आला म्हणून आणखी आला.

“काय लिहिलंय हो?” साळूवहिनींनी विचारलं.

“सरपणाचं काम होईल असं लिहिलंय,” सगुणाबाई म्हणाल्या.

त्यांनी यादी चुलीत सारली आणि पेटवली. कागद जुना, जाडजूड. जाळ झकास झाला. पितळी पातेलं घासूनपुसून चुलीवर चढलं, हरिणीचं दूध त्यात पडलं. दोघी समोर बसून राहिल्या. दूध वर आलं, काठाशी थांबलं आणि उतू गेलं. करपलेल्या दुधाचा वास सगळ्या बिळात भरला. साळूवहिनी डोळे पुसत म्हणाल्या, “झालं बाई घर.”

मग दोघींनी उरलेली गाठोडीही सोडून सामान लावलं आणि करंजाखालचा पालापाचोळा गोळा केला. एकसष्ट लाल फडक्यांत भरला. तशाच गाठी मारल्या, लाखेचे ठिपके दिले आणि गाठोडी ओटीवर रचून ठेवली.

दाजीपंत उन्हं उतरताना परत आले. अंगावर शाल, हातात नारळ. आधी त्यांनी गाठोडी मोजली. एकसष्ट भरली. त्यांचा जीव भांड्यात पडला.

“यादीचं काही कळलं?” त्यांनी विचारलं.

“यादी काही हाती लागायची नाही आता,” सगुणाबाई म्हणाल्या. “बसा, खीर केलीय.”

दाजीपंत जेवायला बसले. खीर त्यांच्याच वाटीत होती, वाटी त्यांच्याच पाटापुढे होती, आणि पाटाखाली सतरंजीही त्यांचीच होती. त्यांनी दोनदा वाढून घेतली आणि म्हणाले, “साळूवहिनींकडून बरंच सामान आणलंस वाटतं. परत करताना पोच घे.”

“घेईन,” सगुणाबाई म्हणाल्या.

जेवण झाल्यावर दाजीपंतांनी शाल आणि नारळ लाल फडक्यात बांधले, लाख लावली आणि त्रेसष्ट आकडा घातला.

समिती अजून येते. पाचोळ्याच्या गाठोड्यांवर बसते. आता ती मऊ लागतात, म्हणून बैठका लांबतात. पाचोळ्याचा थोडा वास येतो, पण त्यावर अजून ठराव आलेला नाही.

तात्पर्य : बाळांनो, सामान नीट बांधावं, यादी करावी आणि ती जपून ठेवावी, असं पुस्तकात लिहिलेलं असेल. ते पाठ करा, मार्क मिळतील. पण खरोखर घर लावायचं असेल, तर घरातल्या कर्त्या माणसाचा गावात कुठेतरी जाहीर सत्कार ठरवावा. भाषणं लांबली तर मागचं अंगणही झाडून होतं.