न विचारता उघडलेली खिडकी

भोयर काका एकदा लग्नाच्या स्टेजवर चढले आणि शुभेच्छा द्यायच्या सोडून नवरदेवाला म्हणाले, "तू वेबसाइट बनवतो म्हणे. तुझ्या लिंका त्याच खिडकीत उघडतात का नवीन खिडकीत?"

नवरदेव हसला. काका हसले नाहीत. मागे रांग तुंबली, फोटोवाला वैतागला.

"नवीन खिडकीत," नवरदेव कसाबसा म्हणाला.

"काहून?"

शेवटी मी दंडाला धरून त्यांना खाली उतरवलं.

मनीषनगरला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये ते एकटे राहतात. नोकरी सगळी खापरखेड्याच्या वीजकेंद्रात झाली. मीही वेबसाइटच बनवतो, हे माझं दुर्दैव. सकाळी दहाला बेल वाजली की समजायचं. "पाहून घे गा, आणखी एक सापडली." हातात लांबडी वही, तिच्यात गुन्हेगारांची यादी. एक बँक, दोन वर्तमानपत्रं, एक भजनी मंडळसुद्धा. हेल्पलाइनवरच्या मुलींनाही ते समजावत, "बेटा, तुमी माणसाले न विचारता दुसऱ्या खिडकीत नेऊन सोडता, अन् तिथं मागे जायचा बाण मेलेला. त्यानं परत कसं यावं?" पलीकडून आवाज येई, "सर, आपका कम्प्लेंट नंबर?"

मागच्या महिन्यात मी एका साडीवाल्याची साइट केली. गिऱ्हाईक हातचं जाऊ नये म्हणून मालकाला प्रत्येक लिंक नवीन खिडकीत हवी होती. काकांनी ती पाहिली आणि वही घेऊन आले. माझं आधीच डोकं फिरलेलं.

"काका, घरात बोलायला कोणी नाही म्हणून माझ्या मागे लागता का?"

त्यांनी वही मिटली आणि गेले. आठ दिवस बेल वाजली नाही.

नवव्या दिवशी मीच गेलो. काका चहा टाकत होते. मी माफी मागितली. ते पातेल्याकडे बघत म्हणाले, "तुझं चुकलं नाही गा. बस."

मग आपणच सांगू लागले. "तुझ्या काकूले, सुमनले, अर्धांग झालं होतं. उजवा हात गेला. दिवस जात नव्हता म्हणून डाव्या हातानं कॉम्प्युटर शिकवला. लय घाबरे. मी म्हटलं, काही चुकलं तर हा बाण दाब, मागे येशील. अन् ड्युटीवर गेलो. संध्याकाळी आलो तं ही तशीच खुर्चीत. शेजारीण जेवाले वाढाले आली, तरी उठली नाही. मले म्हणे, 'अहो, माझ्या हातानं बिघडलं जी. लय दाबला बाण. परत जाताच येऊन नाही राहिलं.'"

"मग?"

"मग काय. ती नवीन खिडकी बंद केली. जुनं पान खालीच होतं. दाखवलं तिले. पण त्यानंतर तिनं कॉम्प्युटरले हात लावला नाही. म्हणे, 'तुमचं आणखी काही मोडन.' उन्हाळ्यात गेली."

चहा उतू गेला. काकांनी गॅस बंद केला, पण पातेलं उतरवलं नाही.

"बाकी सगळं समजते मले," ते म्हणाले. "सकाळपासून संध्याकाळपर्यंत ती एकटी काय विचार करत बसली असन, तेवढं सांग."

मी फडकं घेतलं आणि ओटा पुसू लागलो. त्यांच्याकडे बघवेना.