बुधाजीच्या सोयऱ्यांचा सर्व्हर

"माझ्या लग्नात एकही माणूस रुसणार नाही! शक्यच नाही!" असं प्रितेशने घरात जाहीर करून टाकलं.

मूळच्या कोन गावच्या, आता खांदा कॉलनीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आगरी घरात असं बोलणं म्हणजे धाडसच. लग्न ठरलं की पत्रिका छापायच्या आधी रुसवे सुरू होतात. पण प्रितेश कॉम्प्युटर इंजिनियर होता आणि साल दोन हजार चौदा होतं. कॉम्प्युटरने सगळं सुटतं यावर त्याचा गाढ विश्वास होता.

चार महिने खपून त्याने एक सर्व्हर उभा केला आणि आईला, म्हणजे वेणूला, समोर बसवून समजावला. "हे बघ, आत डेटाबेस आहे. त्यात प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका आणि नातं म्हणजे दोन ठिपक्यांमधली रेघ. त्याच्या पुढे मी एपीआय बसवलाय. दारावरचा माणूस समज! मोबाईलवरून त्याला नाव सांगायचं. तो आत जातो, रेघांवरून फिरतो आणि कोणाकोणाला कळवायचं ती यादी घेऊन येतो. लग्न असेल तर लग्नाचा मेसेज, मयत असेल तर मयताचा. आपोआप!"

"आनि पंगतीत वाडनार पन तोच?" वेणूने विचारलं आणि ती उठून कोळंबी सोलायला गेली.

या सगळ्या खटाटोपामागे होती भामाआत्या. प्रितेशच्या वडिलांची, बुधाजीची, एकुलती एक बहीण. उरणकडे दिलेली. अकरा वर्षांपूर्वी प्रितेशच्या थोरल्या बहिणीचं लग्न निघालं. बहिणीला बोलवायला भावाने अक्षता घेऊन स्वतः तिच्या दारात जायचं असतं. बुधाजी धावपळीत होता, त्याने फोन केला. "मना फोनवर बोलावतोस? मी काय तुजी गिऱ्हाईक हाय?" एवढं बोलून आत्याने फोन ठेवला. त्यानंतर तिने भावाच्या घरात पाऊल टाकलं नाही.

बुधाजी म्हणायचा, "नाय तर नाय! माजा काय अडलाय?" पण दर नारळी पौर्णिमेला तो सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून खिडकीत बसायचा आणि दुपारी तीनला गुपचूप सदरा काढून ठेवायचा. प्रितेशने हे अकरा वर्षं पाहिलं होतं आणि दर वेळी त्याला वाईट वाटलं होतं. आपल्या हळदीला आत्या बाबांच्या शेजारी बसली पाहिजे, एवढंच त्याला खरं हवं होतं.

एका रविवारी त्याने चाचणी घेतली. ज्याची नाती सगळ्यात पाठ, ते नाव टाकलं: बुधाजी. आणि लग्नाचं आधी तपासून झालं होतं म्हणून मयताचं बटण दाबलं. मेसेज जायची सोय बंद आहे, असं त्याला वाटत होतं. ती चालू होती! शिवाय नात्याच्या किती पायऱ्यांवर थांबायचं, हे तो सर्व्हरला सांगायचंच विसरला होता. पनवेल-उरणच्या आगऱ्यांत कोणीही कोणाचा तरी व्याही, मेहुणा नाहीतर साडू असतोच. सर्व्हर बिचारा थांबणार कुठे? चार मिनिटांत एक हजार एकशे त्रेचाळीस जणांना कळलं, की बुधाजीचं दुःखद निधन झालं असून अंत्यविधी दुपारी चार वाजता आहे.

स्क्रीनवर यादी पाहून प्रितेश "वा!" म्हणाला आणि आंघोळीला गेला.

तासाभरात बिल्डिंगखाली रडारड सुरू झाली. बुधाजीने खिडकीतून पाहिलं. दुसऱ्या मजल्यावरचे म्हातारे बरेच दिवस आजारी होते. "गेला वाटतं गरीब," म्हणत तो खाली उतरला आणि माणुसकी म्हणून बायकांच्या मागे मान खाली घालून बसला. शेजारच्याला हळूच म्हणाला, "लय चांगला मानूस होता."

तेवढ्यात गावकीचा कृष्णकांत टेम्पोतून बांबू आणि मडकं घेऊन उतरला. त्याने बुधाजीला पाहिलं आणि मडकं तिथेच फुटलं!

"बुधाजी, तू हितं काय करतोस?"

"मयतीला आयलोय. तू?"

"मी पन तुज्याच!"

हा घोळ निस्तरतोय तोच एक रिक्षा येऊन थांबली. अनवाणी, पदर सुटलेली भामाआत्या सून मनिषाचा हात झटकून धावत आली. "माज्या बुधा रं!" भाऊ समोर उभा! तिने आधी त्याच्या एक थोबाडीत दिली आणि मग त्याला घट्ट धरलं.

"जिता हायस? मग हा कसला तमाशा?"

बुधाजीला स्वतःलाच काही ठाऊक नव्हतं. पण अकरा वर्षांनी बहीण दिसत होती. तो हळूच म्हणाला, "तू येतच नव्हतीस. मग काय करू?"

"मना बोलवाला तू मेलास रं?" आत्या हसत होती की रडत होती ते तिलाही कळत नव्हतं. मडकं नाहक फुटलेला कृष्णकांतसुद्धा डोळे पुसायला लागला.

लोकांना चहा पाजून वाटेला लावलं. आत्या भावाशेजारी जेवायला बसली. कालवणातली माशाची मोठी तुकडी बुधाजीने तिच्या ताटात टाकली, तिने ती परत त्याच्या ताटात टाकली, त्याने पुन्हा तिच्या. दोघंही लहान झाले होते.

प्रितेशने या वेळी गप्प बसायला हवं होतं. पण हजार लोकांचे फोन येत होते आणि माफी मागणं त्याला कर्तव्य वाटत होतं. यादी तयार होतीच! आतल्या खोलीत बसून त्याने सर्व्हरवरून दुसरा मेसेज सोडला.

बाहेर मनिषाचा मोबाईल वाजला. तिने जेवता जेवता मोठ्याने वाचलं, "क्षमस्व. सर्व्हरची चाचणी घेताना आधीचा मेसेज चुकून गेला. बुधाजी सुखरूप आहेत. प्रितेश."

आत्याने हातातला घास ताटात ठेवला.

"म्हंजे तू बोलावला नाय मना."

बुधाजीने मोठी तुकडी पुन्हा तिच्या ताटात सरकवली.

"मशीन चुकली, म्हनून मी आयले." ती उठली, हात धुतले आणि जिना उतरून गेली. वेणू मागे धावली, पण रिक्षा निघून गेली होती.

दुसऱ्या दिवशी प्रितेश अक्षता घेऊन उरणला गेला. आत्याच्या दारात त्याने कान धरले, पाया पडला, सगळी चूक आपली म्हणून सांगितली. तिने त्याला पाणी दिलं, डोक्यावरून हात फिरवला.

"बुधा बरा हाय?"

"हो, आत्या."

"चालतो, फिरतो?"

"रोज सकाळी दोन किलोमीटर!"

"मग तो का नाय आयला?" आत्या म्हणाली आणि अक्षता न घेताच आत गेली.

प्रितेशने घरी येऊन हे जसंच्या तसं सांगितलं. लग्नाला अठरा दिवस होते. अठराही दिवस सकाळी बुधाजीने सदरा घातला, चपला घातल्या, अक्षतांची पुडी खिशात टाकून तो रिक्षा स्टँडपर्यंत गेला आणि "आज ऊन लय हाय," म्हणत परत आला.

महिना डिसेंबरचा होता.