दाराशी ताटकळलेले बेहरूझी आगा

इस्फहानच्या त्या छोट्या संग्रहालयात मेहरनूशने सर्व्हरवर नवं प्लगिन बसवलं, आणि सगळा घोळ तिच्याच एका वाक्याने झाला.

कार्यालयातले सगळे दस्तऐवज एकाच डिजिटल भांडारात असत. दोघांनी एकच फाईल उघडली की एकाचं लिखाण दुसऱ्याच्या लिखाणाखाली गडप होई. प्लगिन एका वेळी एकालाच आत घेई आणि दुसरा आला की आतल्याला विचारी, ‘जागा सोडता? हो किंवा नाही.’ मेहरनूशला हे फारच उर्मट वाटलं. तिने ते फारसीत नीट लिहिलं: ‘अमुक दाराशी ताटकळत उभे आहेत. त्यांना आत घ्यावं का?’

आता इस्फहानच्या अदबीत वाढलेला माणूस याला ‘नाही’ कसं म्हणणार?

त्याच दुपारी प्रदर्शनाचा कॅटलॉग छापखान्यात जायचा होता. तूबा खानम वर्णनं लिहीत होत्या, म्हातारे बेहरूझी आगा सनावळ्या तपासत होते. आगा फाईलीत शिरले की तूबा खानम दाराशी असल्याचं झळके, म्हणून ते लगबगीने बाहेर. खानमचं झालं असेल म्हणून ते पुन्हा डोकावले, की खानम बाहेर. सकाळपासून कॅटलॉगात एक अक्षर वाढलं नव्हतं. प्लगिन काढावं, तर आधी फाईलीत कोणीच नको, आणि आत कोणी ना कोणी असेच. संचालक सद्री आगांनी मेहरनूशला बजावलं होतं की कॅटलॉग अडला तर तिच्या शिकाऊ नोकरीचा आजच शेवट. 

ती बेहरूझी आगांकडे धावली. “आगा, एकदा ‘नाही’ दाबा ना.”

“खानम दारात उभ्या असताना? लेकी, त्यापेक्षा माझं बोट तोड.”

तूबा खानमना विचारलं, तर त्या म्हणाल्या की वडीलधाऱ्यांना ताटकळत ठेवायची त्यांच्या घराण्यात रीत नाही.

मेहरनूश जागेवर येऊन बसली, डोळे पुसले आणि ते वाक्य बदललं: ‘अमुक म्हणतात, तुमचं काम पुरं होईतो आम्ही आत पाऊल टाकणार नाही. त्यांचा शब्द मोडायचा का?’

शब्द मोडणं? छे! दोघांनीही मुकाट्याने ‘नाही’ दाबलं, पाळीपाळीने काम उरकलं, आणि कॅटलॉग वेळेत गेला.

सद्री आगा खाली आले. “तुमची नोकरी पक्की करावी म्हणतो.”

“छे हो, मी कुठली एवढी लायक,” मेहरनूश सवयीने म्हणाली.

“बरं,” म्हणून ते निघूनच गेले.

 ती मागे धावली, तर दारात बेहरूझी आगा आणि तूबा खानम घरी निघालेले, एकमेकांना “आधी आपण” म्हणत दार अडवून उभे.

“आधी मी,” म्हणत मेहरनूश दोघांच्या मधून घुसली. जिन्यावर सद्री आगांना गाठून धापा टाकत म्हणाली, “आगा, लायक आहे मी. पूर्ण लायक आहे.”

ते चहावाल्याला हाक मारायला थांबले होते. “अहो, धावता कशाला? रीतीप्रमाणे अजून दोनदा विचारायचं होतं मला,” ते म्हणाले. “म्हटलं, चहा घेऊन विचारू.”