टाळीचा दिवा आणि मामाजींचा माग

"आजपासून या खोलीत बटणाला कोणी हात लावायचा नाही! एक टाळी वाजवली की दिवा विझेल आणि कूलर सुरू होईल. दुसरी वाजवली की कूलर बंद, दिवा चालू!"

प्रेमलतानं हे अशा थाटात जाहीर केलं, की जणू सूर्यानंही यापुढे तिच्या टाळीची वाट बघूनच उगवावं!

टिमकी मोहल्ल्यातल्या त्या घराची मधली खोली भर दुपारीही विहिरीच्या तळासारखी काळोखी. मे महिना, खिडकी कूलरनं अडवलेली. दिवा लावून चिमीला पाजायचं, ती मांडीवर झोपली की दिवा विझवायचा. आणि बटण पार समोरच्या भिंतीवर! प्रेमलता जागची हलली रे हलली, की चिमीचे डोळे टक्क उघडे! मूठभर पोर, पण आईची ऊब चार बोटं सरकली तरी तिला कळायचं.

सावनेरला वडिलांच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात प्रेमलतानं लहानपणापासून डाख द्यायचा कावीया हातात धरला होता. चिमीच्या झोपेचे जे तुकडे हाती लागले, त्यांत तिनं ही डबी जोडली. डबीत एक माइक. तो टाळी ऐकणार. आणि एक रिले, म्हणजे चुंबकानं इकडून तिकडे पडणारी लोखंडी जीभ. हातापासून डबीपर्यंत तार नावाला नाही. डबीपासून पुढे मात्र दिव्याकडे आणि कूलरकडे भिंतभर तारांच्या वेली!

त्या वेली सासूबाईंच्या, गोदूबाईंच्या, डोळ्यांत खुपत होत्या.

"घरात लेकरू रांगून राहिलं, अन् तू तारा पसरून राहिली! उद्या उमरेडहून माझा भाऊ येते. आनंदरावनं चांगलं म्हटलं त ठेव. नाही त तुही ते सामानाची पेटी भंगारवाल्याच्या गाडीवर. अन् हे खेळ बंद!"

आनंदराव म्हणजे त्या घराचं सुप्रीम कोर्ट. सोयरीक असो की गच्चीचं छप्पर, त्यांनी मान हलवल्याशिवाय काही हलत नसे. माहेरची तेवढी एक पेटी प्रेमलताची स्वतःची होती. पण वरकरणी ती म्हणाली, "दाखवते की! आठवडाभर रोज दुपारी टाळ्या मारून बघितलंय, आत्याबाई. एकदासुद्धा चुकला नाही."

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. आनंदराव पन्ह्याचा पेला घेऊन कूलरसमोर ऐसपैस बसले. चिमी फरशीवर. प्रेमलतानं पदर खोचला आणि टाळी वाजवली.

दिवा विझला! कूलर घुर्र करून सुरू झाला!

"वाह वं पोरी!" आनंदराव म्हणाले.

तेवढ्यात कूलर थांबला आणि दिवा लागला. मग विझला. पुन्हा लागला! दर वेळी कूलर दचकून सुरू व्हायचा आणि वाळ्याच्या ताट्यांतून आनंदरावांच्या सदऱ्यावर पाण्याचा सडा शिंपडायचा.

"कोण टाळ्या वाजवून राहिलं?" आनंदराव ओरडले.

"कोणीच नाही!"

"मंग थांबव त्याले!" म्हणत त्यांनी स्वतःच टाळी वाजवली. गोदूबाईंनी वाजवली. प्रेमलतानं वाजवली. टाळ्यांचा कडकडाट ऐकून शेजारच्या मैनाबाई पदर सावरत धावल्या. "आरती सुरू झाली काय वं? मले नाही बोलावलं?" असं म्हणून त्याही मन लावून टाळ्या वाजवू लागल्या!

दिवा वेडापिसा झाला.

"नजर लागली घराले! मीठ-मिरच्या आणा!" गोदूबाई कडाडल्या. "अन् भंगारवाल्याले हाक मारा!"

"सगळे चूप!" प्रेमलता अशी ओरडली, की पुढे महिनाभर तिचं तिलाच नवल वाटत राहिलं. "टाळी नको, बोलणं नको!"

सगळे चिडीचूप. दिवा तरी उघडझाप करतोच आहे!

"आता कोणता आवाज येऊन राहिला?" तिनं कुजबुजत विचारलं.

"कोणताच नाही," गोदूबाई म्हणाल्या.

"सुई पडली तरी ऐकू येईन," आनंदरावांनी साक्ष दिली. मैनाबाईंनीही मान डोलावली.

प्रेमलता रडकुंडीला आली. तिची नजर चिमीकडे गेली. चिमी फरशीवर बसून डुलत होती. पुढे, मागे. पुढे, मागे. अगदी दिव्याच्या ठेक्यात!

आणि मग प्रेमलताला ऐकू आलं. खट्-खटाक्! खट्-खटाक्!

भिंतीपलीकडे पुढच्या खोलीत सासरे रुपरावजी दुपारची झोप उरकून मागावर बसले होते. धोटा पळत होता, फणी आदळत होती, भिंत हादरत होती. पण कोष्ट्याच्या घरात मागाचा आवाज ऐकतो कोण? तो बंद पडला तरच लोक दचकतात! लग्नाला दोन वर्षं होत आली होती, आता प्रेमलताचेही कान सासरचे झाले होते. आणि आठवडाभर तिनं टाळ्या वाजवल्या, त्या सगळ्या रुपरावजी घोरत असताना! एरवी डबी बंदच असायची.

ती सासऱ्यांकडे धावली. "मामाजी, थांबा!"

"काहून वं?"

"तुमच्या मागाच्या आवाजानं दिवा..."

"माग आवाज करते?" रुपरावजींना हा आरोप मनाला लागला. "एवढी जिंदगी गेली मागावर, मी नाही ऐकला कधी!"

"एकच ठोका मारा बरं."

त्यांनी फणी ओढली. खटाक्!

"इझला!" आतून मैनाबाईंची किंकाळी.

"आणखी एक."

खटाक्! "लागला वं माय!"

रुपरावजींच्या मिशा हळूहळू वर चढल्या. "आनंदराव, पाहून राहिले न गा? माह्या मागावर बिजली चालून राहिली!"

आनंदराव दारात आले. सदरा चिंब, पन्हं पातळ झालेलं.

"गोदू," ते गंभीरपणे म्हणाले, "उमरेडहून बसमध्ये पापडासारखा भाजून आलो. असा गारवा जिंदगीत नाही लागला! पेटी फेकशीन त माह्याशी गाठ आहे. पोरीले चांगली फळी मोकळी करून दे!"

जिंकली! संध्याकाळपर्यंत गोदूबाईंच्या लोणच्याच्या बरण्या फळीवरून खाली आल्या आणि पेटी वर चढली. अर्धी टिमकी दिवा बघून गेली. "आमच्या सुनेनं केला," हे गोदूबाई प्रत्येकीला, न विचारता सांगत होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी चिमी दूध पिऊन मांडीवर झोपली. ओठांच्या कडेला थेंब, मुठीत आईचा पदर. प्रेमलतानं विजयी मुद्रेनं दिव्याकडे पाहिलं. आता फक्त एक टाळी!

तिनं हातांकडे पाहिलं. एक हात चिमीच्या डोक्याखाली होता. दुसरा पायांखाली.

टाळीला दोन हात लागतात, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं! चाचणीच्या वेळी चिमी पाळण्यात असायची ना!

तिनं जिभेनं टक् केलं. ओठांनी पच् केलं. दिवा ढिम्म! दारातून गोदूबाई हे चाळे बघत होत्या. त्या बटणाकडे निघाल्या, तशी प्रेमलतानं मान हलवून त्यांना अडवलं. अर्धी टिमकी बघून गेल्यावर बटण? शोभलं असतं का?

"आत्याबाई," ती पुटपुटली, "मामाजींना म्हणावं, एकच ठोका."

खटाक्!

दिवा विझला. कूलर घुरघुरला. आणि आई हलली की जागी होणाऱ्या चिमीची, एवढ्या दणक्यानं पापणीही लवली नाही. त्याच घरची ना ती! प्रेमलतानं अंधारात तिच्या जावळावर ओठ टेकले. घरात असा विजय कोणी मिळवला नसेल!

पलीकडून रुपरावजींचा दबका आवाज आला, "अवं, आता दुसरा ठोका मारू काय?"

"मारून पाहा!" गोदूबाई कुजबुजल्या. "दिवा लागन न!"

"मंग मी इणू कवा?"

"नात उठन तवा!"