बिनशिशाची चकती

ठमके सरांपुढे हात केला की ते हस्तांदोलन करत नाहीत, हात दाबून बघतात. वणीच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारा हा माणूस पपई दाबतो, उशी दाबतो, आमच्या मेहुण्याचं टक्कलसुद्धा भर पंगतीत दाबून झालं. "दाबल्याशिवाय वस्तू बोलत नाही, भाऊ!" हे वर.

सगळं वेड चकत्यांचं. पांढरी भुकटी दाबून बत्ताशाएवढी चकती करायची, भट्टीत भाजायची, मग गरम तेलात बुडवून तिला विजेचा जबर झटका द्यायचा. पुढे ती दाबली की स्वतःच वीज देते. गॅसच्या लायटरमध्ये ठिणगी पाडणारी असते ना, तिचीच बहीण. फरक एवढाच, की बाजारच्या चकतीत शिसं असतं. सरांच्या चकतीत औषधालाही नाही.

त्या वर्षी कापसाला भाव नव्हता, म्हणून मी तो घरातच भरला. इतका, की संक्रांतीला आलेली आत्या आम्हाला होळीला सापडली. असल्या घरात सर चकती आणि हातोडी घेऊन शिरले. टण्! इवलीशी निळी ठिणगी. बायको कापसातून पोहत बाहेर आली.

"सर, घर जाळता काय?"

"वहिनी, ठिणगी बारीकच होती ना?" सरांचं तोंड उतरलं. "तेच तर दुखणं आहे."

"मंग टाका न थोडं शिसं! काहून जीव आटवून राह्यले?" मी म्हणालो.

सर तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

चौथ्या दिवशी समजूत काढायला गेलो. आतल्या खोलीत त्यांचे वडील खाटेवर होते. कोळशाच्या ट्रकांच्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवण्यात त्यांची हयात गेलेली. आता मनगटं लोंबलेली, आवाज कुजबुजीएवढा. मुलाला हाक मारायला घंटी लावली होती, पण तिचं बटण त्यांच्या बोटांनी दबत नव्हतं.

"चकतीले नुसतं बोट लागलं तरी घंटी वाजली पाह्यजे," सर म्हणाले. "शिशाची लावली तर आजच वाजते. पण ज्या शिशानं हात नेले, तेच बाबाच्या हाताखाली ठेवू?"



उन्हाळ्यात सरांनी पापडासारखी पातळ चकती पितळी पत्र्यावर चिकटवली आणि घंटीला जोडली. मी तिथेच होतो. ट्रिंग! सर उष्ट्या हातानं धावले.

"काय पाह्यजे, बाबा?"

"काही नाई. वाजते का पाह्यलं."

सर ताटावर येऊन बसतात तोच, ट्रिंग! पुन्हा धाव. पुन्हा "काही नाई". वरण निवून त्यावर साय धरली असेल.

"सर, म्हातारा खेळवून राह्यला तुम्हाले!"

"खेळवू द्या," सर धावता धावता म्हणाले.

शेवटी ते परतलेच नाहीत. मी डोकावलो. सर खाटेला टेकून जमिनीवर बसले होते. वडिलांचा एक हात त्यांच्या हातात होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते तो दाबत नव्हते. वडिलांच्या दुसऱ्या हाताचं बोट चकतीवर टेकलं.

ट्रिंग.

"आलो, बाबा," सर तिथूनच म्हणाले.