उकंडाजींची सातवी चूल

आमच्या शेजारच्या उकंडाजींनी एप्रिलच्या भर उन्हात, मुलाशी किंवा सुनेशी एका शब्दानंही न भांडता, घरात चूल वेगळी मांडली. गावात चूल वेगळी होणं म्हणजे काय, हे ज्याला माहीत आहे त्याला जास्त सांगायला नको. मग बोलणं बंद होतं, अंगणात भिंत येते, लग्नाच्या पत्रिकेतून नावं गळतात. त्यामुळे उकंडाजींच्या ओसरीत तीन विटा आणि त्यावर तवा दिसल्याबरोबर तासाभरात पोलीस पाटील समजूत घालायला हजर झाले.

"उकंडाजी, या वयात काय हे? भांडन कायचं झालं?"

"भांडन नाई जी. सर्वे हाय," उकंडाजी धुरातून म्हणाले.

पाटलांना काहीच कळलं नाही. मला मात्र सगळं कळलं. कारण ती चूल माझ्यामुळे पेटली होती.

उकंडाजींची आणि आमची भिंत एकच. त्यामुळे त्यांची मतं मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आले आहे. त्यांना प्रत्येक गोष्टीवर मत असतं. कंडक्टरनं घंटी कधी वाजवावी, विहाराच्या ओट्याला रंग कोणता द्यावा, कपाशीत तुरीची ओळ कुठं घालावी, सुनेनं वरणात मीठ आधी टाकावं की मागून. मत सांगून झालं की ते बोट उचलून म्हणतात, "हे माहं मत हाय. टिपून घ्या." टिपून घेणारा अजून कोणी भेटलेला नाही. ग्रामसभेत ते उभे राहिले की ग्रामसेवक रजिस्टर मिटून पेनाला टोपण लावतात.

मतदान मात्र त्यांनी एकदाही चुकवलेलं नाही. तरी त्याबद्दल त्यांची एक कायमची तक्रार आहे. "बटन दाबलं का थे टूं करते. झालं काम. कोनाले किती पडले थे त्याईले समजते. पन काहून देल्लं, थे कोन इचारते? माह्या डोक्यात येवढं मोठं भरून हाय, आन त्याईनं घेतलं फक्त टूं."

म्हणून निवडणुकीच्या आधी घरोघरी फिरणाऱ्या सर्वेवाल्यांबद्दल त्यांना फार आदर. एक अनोळखी माणूस उन्हातान्हात दारात येतो, खाली बसतो आणि 'काका, तुमचं मत काय? आणि तसं का?' असं विचारतो, ही गोष्टच त्यांना मोठी वाटते. अडचण एवढीच, की तो माणूस उकंडाजींना कधी विचारत नाही.

मागच्या लोकसभेला सर्वेवाला घरं मोजत आला आणि आमच्या दारात थांबला. माझे बाबा उत्तरं देत होते. बाबांचं एखादं उत्तर पटलं नाही की भिंतीपलीकडून उकंडाजी खोकत. पुढं एकदा सर्वेवाला खरोखर त्यांच्याच घरी आला. उकंडाजींनी टोपी घातली, बाजेवर चादर टाकली. पण नियम असा निघाला, की घरातल्या ज्या मोठ्या माणसाचा वाढदिवस सगळ्यात जवळ असेल त्यालाच विचारायचं. उकंडाजींचा वाढदिवस एक जुलै. त्यांचा मुलगा रमेशदादा, त्याचाही एक जुलै. आमच्या गावात चाळिशीच्या पुढचे अर्धे लोक एक जुलैलाच जन्मलेले आहेत, कारण शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी तीच तारीख लिहिली. फक्त वंदनावहिनी, म्हणजे त्यांची सून, दवाखान्यात जन्मलेली आणि खरी तारीख असलेली. तीच जवळ होती. नंबर तिचा लागला.

वहिनीचे हात कणकेत. ती घाबरून प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर देत होती, "मले नाई सांगता येत जी." मागं बाजेवर उकंडाजी शाळेतल्या मुलासारखा हात वर करून बसलेले. "काका, तुम्ही मध्ये बोलू नका," सर्वेवाला दोनदा म्हणाला. त्या दिवशी ते जेवले नाहीत. "इतके चांगले प्रश्न," ते बाबांना म्हणाले, "पार मातेरं केलं."

यंदा मला स्वतःलाच सर्वेचं काम मिळालं. मी यवतमाळला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेज पाहणारी मी पहिलीच. सरांनी नाव सुचवलं म्हणून मी हो म्हटलं, नाही तर अनोळखी माणसाशी बोलायचा मला धीर नाही. मी दार इतकं हळू वाजवते की माणसाआधी कुत्रं जागं होतं. दोन दिवस शिकवणी झाली. त्यात सांगितलेली एक गोष्ट मला फार आवडली. घर भिंतींवरून मोजायचं नाही, चुलीवरून मोजायचं. एका चुलीवरचं जेवणारे ते एक घर. शाळेपासून उजव्या हातानं निघायचं आणि दर सातव्या चुलीवर थांबायचं.

रविवारी घरी आले तेव्हा मी हे मोठ्या हौसेनं उकंडाजींना सांगितलं. आमचं गाव सर्वेच्या यादीत आहे हेही सांगून टाकलं. ते सांगायचं नसतं, हे मला नंतर आठवलं.

"मंजे एका घरात दोन चुली असल्या तं?" त्यांनी विचारलं.

"तर ती दोन घरं."

"आन चुलीवर एकच मानूस असला तं?"

"तर त्यालाच विचारायचं. मग वाढदिवस पाहायची गरजच नाही."

तोंडी परीक्षेत उत्तर आल्यासारखा मला आनंद झाला होता. उकंडाजी तसेच उठले, शाळेपर्यंत गेले आणि उजव्या हातानं निघून, बोटांवर चुली मोजत परत आले. त्यांच्या घरची चूल सहावी येत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी सातवी पेटली.

त्यांना स्वयंपाक येत नव्हता. भाकरी एका बाजूनं कच्ची, दुसऱ्या बाजूनं काळी. ते ती पाण्याबरोबर गिळायचे आणि मधूनमधून मनाशी उत्तरं घोकायचे. पण खरा चटका वंदनावहिनीला बसत होता. नळावर बाया तिला विचारत, "काहून व, सासऱ्याची भाकर जड झाली काय?" रमेशदादा दिवसभर नेरला काळीपिवळी जीप चालवतो, त्याच्या कानावर हे येईपर्यंत रात्र होई. वहिनी भिंतीजवळ येऊन मला म्हणाली, "म्या काय केलं व बाई? तू शिकेल हायेस, तू तरी सांग ना त्याईले."

मी सांगून पाहिलं. "चार दिवसाची गोठ हाय," उकंडाजी म्हणाले. "सर्वे झाला का विटा काढून टाकतो."  विटा काढता येतात, पण नळावरचं बोलणं कसं काढणार, हे माझ्या ओठावर आलं आणि तिथंच राहिलं.

आमचं गाव माझ्याच वाट्याला आलं, कारण उन्हात इकडं यायला दुसरं कोणी तयार नव्हतं. शाळेपासून मी मोजत निघाले. सहावी चूल वहिनीची. मी गल्लीत बराच वेळ उभी राहिले. पुढची चूल मोजावी की मोजू नये? खोटी म्हणावी तर तिच्यावर चार दिवस माणूस जेवला होता. खरी म्हणावी तर नळावरच्या बायाही खऱ्या ठरत होत्या. शेवटी मी नियमाप्रमाणे वागायचं ठरवलं आणि आत गेले.

"या मॅडम," उकंडाजी म्हणाले. लहानपणी याच माणसानं माझं नाक पुसलं आहे. धोतर पांढरंशुभ्र होतं, खुर्ची मांडलेली होती. वहिनी आतल्या दारात पाण्याचा गडू घेऊन उभी होती.

मी मोबाइलवर फॉर्म उघडला. नाव झालं, वय झालं.

"या चुलीवर जेवणारी माणसं किती?"

"एक. लिही."

मी एक लिहिलं. पुढं पडद्यावर एक ओळ आली. ती मोठ्यानं वाचून खात्री करून घ्यायची होती. मी वाचली. "तुम्ही एकटे राहता. बरोबर की चूक?"

उकंडाजींनी धोतराचा सोगा नीट केला.

"पुढचं इचार," ते म्हणाले.

"याचं उत्तर दिल्याशिवाय पुढं जात नाही जी."

त्यांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "हे कागद जाते कुठं?"

"मुंबईला. मग दिल्लीलाही जात असेल." मला नक्की माहीत नव्हतं.

"तिथं लिहून राहीन? उकंडा एकटा राह्यते मनून?"

"हो."

"घरात पोरगा हाय, सून हाय, थे?"

"त्यात ते लिहायला जागा नाही."

त्यांनी आतल्या दाराकडं पाहिलं. वहिनी मान खाली घालून गडूचा काठ पदरानं पुसत होती. पुसायचं काही नव्हतं तरी.

"गावातल्याईले मी समजावून सांगन," ते हळू म्हणाले. "पन दिल्लीत कोनाले समजावू? थे लोक या मायले काय म्हनतीन? म्हनतीन, सून असून बुढा एकटा." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "चूक हाय. दाब."

"उकंडाजी, चूक दाबलं तर ही चूल वेगळी नाही असं धरून फॉर्म बंद होईल. प्रश्न येणारच नाहीत. मला पुढच्या चुलीवर जावं लागेल."

"समजलं मले. दाब तू."

मी दाबलं. पडदा कोरा झाला. उकंडाजींनी स्वतःच्या हातानं विटा काढल्या. त्या गरम होत्या, बोट भाजलं, ते तोंडात घालून ते थोडा वेळ तसेच उभे राहिले.  वहिनीनं आत ताट वाढलं. मलाही बसवलं.

दोन घास झाल्यावर भाकरी थापता थापता तिनंच विचारलं, "मामाजी, तो सर्वेवाला आल्ता तव्हा मले भेव वाटलं होतं. आता सांगा ना, कोनाले देनार तुमी?"

उकंडाजींचा हात ताटातच थांबला. "कोनाले, थे नाई सांगत. मत गुप्त असते."

"मंग काहून देनार, थे सांगा."

आता तास दीड तासाची निश्चिंती, असं मला वाटलं. पण ते ताटाकडं पाहत राहिले.

"तुही सासू इचारे असं," ते म्हणाले. "वोटिंग करून येतानी. शाळेपासून घरापावतर मी सांगत ये, आन थे 'हूं' म्हने. तिले समजे का नाई, काय मालूम. पन हूं म्हने. थे गेल्यापासून मी चुपचाप येतो."

वहिनीनं तव्यावरची भाकरी उलटली. "या बखत मी येतो तुमच्या संगं," ती म्हणाली. "ऊन व्हायच्या पहिले जाऊ. पन मले आज थोडंसं सांगून ठेवा, नाई तं तिथून येतानी समजनार नाई मले."

मी हात धुतले, मोबाइल घेतला आणि पुढच्या चुलीकडं निघाले. उकंडाजी सुरू झाले होते. गल्लीच्या वळणापर्यंत त्यांचा आवाज येत होता, आणि मधूनमधून, भाकरी थापण्याच्या आवाजातून, वहिनीचं 'हूं'.